रुमालाखालचा भाव

चौकड्यांचा, एका कोपऱ्याला शाईचा डाग पडलेला तो रुमाल अडत्या बद्रीनाथ शेठच्या खांद्यावर नुसताच पडून होता, आणि सोनूबाईला त्याच्यावरून नजर काढता येत नव्हती — खांद्यावर असा बिनकामाचा तो तिने कधी पाहिलाच नव्हता. चार हंगाम तिने त्याच्याकडे पाहिलं होतं, गाडीच्या चाकाला पाठ लावून, पदराचं टोक दातात धरून. रुमालाखाली शेठचा हात असायचा, समोर बसलेल्या खरेदीदाराचा हात असायचा, आणि बोटं बोटं दाबून काहीतरी सांगायची... तिच्या कापसाचा भाव तिथे ठरायचा, तिच्यापासून चार पावलांवर, भर दिवसा, आणि तिला दिसायचं ते नुसतं कापड हलताना.

ती सोनूबाई म्हणजे मीच. पण जालन्याच्या मोंढ्यातली, कापसाच्या बाजारातली ती सकाळ आठवली की मला ती चाकाशी उभी दिसते, सव्वीस वर्षांची, कपाळ मोकळं, आणि मी तिला नावानेच हाक मारते.

कोपरावरून तिने अंदाज बांधायला घेतला होता. शेठचं कोपर दोनदा हललं म्हणजे भाव वर गेला, असं तिने पहिल्या वर्षी ठरवलं. दुसऱ्या वर्षी कोपर पाचदा हललं आणि भाव कमीच आला, तेव्हा ते सोडून ती चेहरे बघायला लागली. चेहऱ्यांवर काही नसायचं. मग शेवटी शेठ तिच्या दिराचा हात रुमालाखाली घेत, दाबत, आणि कारभारी भावजी मान हलवत — अगदी जाणत्यासारखी, डोळे बारीक करून. गाडीशी येऊन सांगत, "बावन्न. पल्ल्यामागं बावन्न रुपये."

बावन्न. मागच्या साली बावन्न, त्याच्या आधी एकोणपन्नास. हे आकडे त्या कापडाखालून भावजींच्या तोंडापर्यंत येताना वाटेत कुठे लहान होतात का, हा विचार तिला पहिल्यांदा कधी आला ते तिला आठवत नव्हतं. बहुतेक ज्या दिवशी भावजींनी नव्या काळ्या वहाणा आणल्या त्या दिवशी. वहाणा काय, कुणीही आणतं... पण मालक गेल्यापासून ती त्यांच्याच घरात राहत होती, त्यांना गरम भाकरी वाढत होती, आणि भाकरी ताटात टाकताना दर वेळी मनात म्हणत होती : खरं किती होतं?

विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर त्या घरात राहायची सोय राहिली नसती.

आणि मग, जालना मुंबई राज्यात गेलं त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात, गावात, वडीगोद्रीच्या चावडीत, बाजार खात्याचा इन्स्पेक्टर आला. तरणा, चष्मा लावलेला, धुळीने पांढरा झालेला. बायका भिंतीआड उभ्या होत्या. तो म्हणाला, यापुढे रुमालाखाली सौदा करणारा अडत्या दिसला तर त्याचा परवाना जाईल. भाव मोठ्याने बोलायचा, सगळ्यांदेखत. आणि ज्याच्या नावाचा माल त्याने स्वतः 'दिला' म्हटल्याशिवाय सौदा पक्का नाही.

मोठ्याने. भिंतीआड तिच्या अंगावर काटा आला — अजून येतो, खोटं कशाला सांगू.

गाड्या भरल्या त्या दिवशी भावजी म्हणाले, "वैनी, तुम्ही यंदा कशाला येऊन राह्यल्या? दोन दिवसाचा रस्ता, धूळ, थंडी."

"दर साली येते."

"यंदा नवीन कायदा हाय. लई गर्दी ऱ्हाईल."

"मंग तर येतेच," ती म्हणाली आणि त्यांनी उत्तर द्यायच्या आत कापसावर चढून बसली. का नको म्हणतात? धूळ म्हणून, की मोठ्याने बोलला जाणारा आकडा तिने ऐकू नये म्हणून? अंबडच्या मुक्कामापर्यंत ती त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली.

पण मोंढ्याच्या फाटकावर खात्याच्या कारकुनाने विचारलं, "माल कुणाचा?" आणि भावजी म्हणाले, "आमचा." कारकून म्हणाला, "जमीन कुणाच्या नावावर?" तर त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "वैनीच्या. सोनूबाईच्या." ते 'आमचा'वर अडून राहिले असते तरी चाललं असतं. हे तिच्या हिशोबात कुठे बसेना...

आता गाडीभोवती माणसं जमली होती. स्टेशनकडून शिटी ऐकू आली. खरेदीदार कापसात कोपरापर्यंत हात घालून मूठ ओढत होते, बोटांनी धागा ताणत होते, आणि सोनूबाईला लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हासारखं वाटत होतं — नाही, तेव्हा भीती होती. हे निराळं, हे सारखं हसू येईल असं होतं. इन्स्पेक्टर ओट्यावर चढला. शेठने घसा साफ केला. चाळीस वर्षं बोटांनी बोललेला माणूस, त्याचा आवाज फाटलाच.

"बोलो भाई. वडीगोद्रीचा माल. पंचावन्न."

पंचावन्न! पहिलाच आकडा. तिने चाकाचा आरा धरला.

"छप्पन्न." "साडेसत्तावन्न." आकडे उडत होते, हवेत, उघडे, कुणाच्याही कानात शिरत होते, हमालांच्या, बैलांच्या, तिच्या. "साठ." माझ्या कापसाला साठ. मी निंदलेल्या, माझ्या बोटांना बोंडं टोचून वेचलेल्या. आकड्याला आवाज असतो, एकाचा भरडा, एकाचा नाकातला, हे तिला ठाऊक नव्हतं. "एकसष्ट," एक जाडा खरेदीदार म्हणाला, आणि त्यापुढे आकडा आला नाही.

तेव्हा गंमत झाली. भावजींचा उजवा हात आपसूक पुढे गेला, शेठकडे, रुमालाखाली शिरायला. रुमाल शेठच्या खांद्यावरच होता. हात तसाच राहिला हवेत, आणि लोक हसले.

सोनूबाईला हसू आलं नाही, कारण ती त्यांचा चेहरा पाहत होती. तोंड उघडं पडलेलं, भुवया वर गेलेल्या. एकसष्ट ऐकून तिला जे झालं होतं तेच त्या चेहऱ्यावर होतं. की चोरी उघडी पडल्यावरही चेहरा असाच होतो?

"मालाचा मालक कोण?" इन्स्पेक्टरने चिठ्ठी पाहिली. "सोनूबाई. आहेत का? बाई, तुम्ही बोला. दिला?"

दीड-दोनशे पुरुष. भावजी वळून बघत होते, आणि नजरेत मनाई नव्हती, काहीच नव्हतं. 'दिला' हा शब्द जिभेवर तयार होता, रात्रभर घोकलेला. आणि तोंडातून आलं दुसरंच.

"अजून बोला."

"बाई, हा मोंढा हाय," जाडा म्हणाला, "बांगड्याचं दुकान न्हाई घासाघीस कराया."

तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. मग शेजारच्या गाडीवरून भोकरदनकडचे कडूबा म्हातारे जाड्याला म्हणाले, "घासाघीस तर तुम्हीच करून राह्यले शेठ. मघाधरनं एकच बोंड चिवडायलात. नेसता का लुगडं?"

हशा झाला, आणि त्या हशातूनच पलीकडून कुणीतरी म्हणालं, "बासष्ट." जाडा चिडून, "त्रेसष्ट. बिलकुल आखरी."

"दिला," ती म्हणाली. एवढा मोठा आवाज आपल्याला आहे हे तिला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

परतीला गाडी रिकामी, बैल हलके. ऊन अजून बरंच वर होतं. मी मागे बसले होते आणि मला बसवत नव्हतं. रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगावंसं वाटत होतं, त्रेसष्ट, ऐकलं का, त्रेसष्ट. भावजींनी कासरा सैल सोडला. मग बैलांकडे बघतच म्हणाले,

"वैनी, मला ती बोटं कधी कळलीच न्हाईत."

"कोणती?"

"रुमालातली. बाबांनी शिकवली होती दादाला. मला न्हाई. मी आपली मान हलवायचो. मंग शेठ कानात सांगायचा तेच तुम्हाला सांगत गेल्तो. लाज वाटायची."

बराबर. चेहऱ्याशी जुळत होतं, फाटकावरच्या उत्तराशी जुळत होतं. माणूस इतकं सरळ खोटं बोलत नाही. किंवा, चार वर्षं विचार करून ठेवला असेल तर, इतकं सरळच बोलतो. मग चार वर्षं भाकरी वाढताना मी जे मनात म्हणत आले ते कुणाला म्हणत होते? त्या संशयाची मला सवय झाली होती. तो होता म्हणून मी त्या घरात ताठ राहिले होते. आता तो कुणी अलगद काढून घेत होतं, आणि मला तो सोडवत नव्हता, आणि तरी छातीत तो सकाळचा आनंद थांबत नव्हता, उड्या मारत होता, त्याला या कशाचीच पडलेली नव्हती.

कानात शेठने मागच्या साली किती सांगितलं, भावजी? एवढंच तर विचारायचं होतं. चार वर्षं हा प्रश्न माझ्या आत होता आणि तो तोंडाने विचारता येतो हे मला आज कळलं होतं. उत्तर कोणतं हवं, ते मात्र मला ठरवता येईना. बावन्न म्हणाले तर मी चार वर्षं एका भल्या माणसावर आळ घेतला. दुसरं काही म्हणाले तर मी कुणाच्या घरी चालले आहे?

"काय म्हणल्या?" भावजींनी विचारलं. मी काहीच म्हटलं नव्हतं अजून.

मी दातातला पदर सोडला आणि घसा खाकरला.