आपल्याकडून चूक झाली

"आपल्याकडून," ह्यांनी कागदावरचं वाचून दाखवलं, "सोनमच्या लग्नाबाबत चूक झाली."

"आपल्याकडून म्हणजे कुणाकुणाकडून?" मी विचारलं.

"चर्चच्या मंडळीकडून. कन्नडात आमच्याकडून काय, आपल्याकडून काय, सरळ 'नम्मिंद' म्हणतात की."

"उपदेश मराठीत करता ना? मग कबुलीपण मराठीत द्या. आपल्याकडून म्हटलं की त्यात सोनम पण आली. तिची काय चूक?"

ह्यांनी कागद खिशात घातला. हे, म्हणजे अजित, इथं कन्नड मुलखात येलहंक्याच्या आमच्या मराठी चर्चचे पाळक, आणि मी कल्पना, पाळकीणबाई. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं चर्चमध्ये वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणतात. सोनम आणि अभिराजची नावं दोनदा वाचून झाली, आणि खानापूरहून भाग्यलक्ष्मी नावाच्या बाईचं पत्र आलं. तिनं लिहिलं होतं, अभिराज माझा नवरा आहे, सोडचिठ्ठी झालेली नाही. सोबत लग्नाचा फोटो.

अभिराजचे वडील मानसिंग चर्चच्या कमिटीत. ह्यांनी त्यांना फोन केला. ते म्हणाले, जळकी बाई आहे, लक्ष देऊ नका. ह्यांनी पत्र कपाटात टाकलं आणि तिसऱ्या रविवारी छातीठोकपणे सांगितलं, हरकत नाही, आणि तसं लिहूनही दिलं.

लग्नाला चार महिने झाले नाहीत तोच भाग्यलक्ष्मी फोटो घेऊन सोनमच्या दारात उभी राहिली. सोनम मारतहळ्ळीला आईकडे परतली, तर चर्चमधल्या शहाण्यांनी तिलाच धारेवर धरलं. नवऱ्याचं घर सोडते म्हणजे काय! चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि हे म्हणायचे, प्रभू बघून घेईल. सगळं प्रभूच्या डोक्यावर ढकललं की ह्यांचे हात मोकळे! मला संताप आवरत नव्हता. रोज खडसावून मी ह्यांना त्या कागदापर्यंत आणलं होतं, आणि त्यात हे 'आपल्याकडून'.

उपासनेला सोनम आईबरोबर शेवटच्या बाकावर बसली होती. ह्यांनी कागद उघडून वाचला. एक शब्द बदलला नव्हता.

सोनम उभी राहिली. "पास्टर, त्या आपल्यात मी पण आहे काय?"

पाळक बोलताना आमच्यात कुणी मध्ये उठत नाही. मानसिंग गुरगुरले, "स्वल्प बस की, पोरी."

ह्यांनी कागद मिटला. "नाही. माझ्याकडून चूक झाली. हरकतीचं पत्र आलं होतं. मानसिंगअण्णांना दुखवायला नको म्हणून मी ते दाबलं. हरकत नाही असं खोटं सांगितलं."

सवयीनं चार-पाच जण "आमेन" म्हणाले.

"आमेन काय म्हणताय!" सोनम कडाडली. "खोट्याला आमेन?"

ह्यांनी हात जोडले. "मला माफ कर, बाळा."

"माफीचं मी मग बघते. आधी पोलिस स्टेशनात येऊन हेच सांगा. अभिराजवर तक्रार द्यायला गेले तर तिथं मला म्हणतात, पाळकांनी हरकत नाही म्हणून लिहून दिलंय, तुझं काय ऐकायचं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे काय बघता, असं म्हणणार होते, तेवढ्यात पत्राची पावती आठवली. ते पत्र रजिस्टर्ड होतं. पोस्टमनकडची सही माझी. ह्यांच्या आधी मीच ते फोडून वाचलं होतं, आणि पाळकाच्या कामात बायकोनं कशाला पडायचं म्हणून गप्प बसले होते. एवढे दिवस मी ह्यांच्यावर खेकसत राहिले, कारण ते सोपं होतं.

"सरी, बरं, चला," मी उठले. "माझा पण जबाब घ्यायला सांग, सोनम. पत्र आधी मी वाचलं होतं."

"तुम्ही पण, आंटी?"

"हो," मी म्हटलं. हे झगा उतरवून खाली आले. बाहेर रिक्षा उभी होती. मी सरकून जागा केली, पण सोनम माझ्याशेजारी बसली नाही. आईला घेऊन तिनं दुसरी रिक्षा केली.