शहाण्णव नंबरची गाय

लग्नाच्या व्हिडिओंवर पोट भरणाऱ्या सुग्रीवला दुष्काळानं वेगळंच गिऱ्हाईक दिलं. त्याच्या गावच्या दूध संस्थेनं चारा छावणी चालवायला घेतली होती, जनावरांसोबत मालकही तिथंच राहत, आणि सरकारी तपासणीला दर सोमवारी जनावरांचा व्हिडिओ पाठवावा लागे. सचिव राधाकिशन एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात यादी घेऊन दावणीनं चालायचे, मान खाली घालून नंबर वाचायचे. आवाज खिशातल्या रेकॉर्डरमध्ये वेगळा भरला जाई. माजलगावच्या दुकानात बसून दोन्ही जुळवायचं, एवढंच सुग्रीवचं काम.

एवढंच म्हणता म्हणता त्याचं डोकं उठलं होतं. छावणीत गाय बांधलेल्या, गावच्या भिवराबाई भर दुपारी दुकानात येऊन बसल्या होत्या. व्हिडिओत शहाण्णव नंबर पुकारला तेव्हा रिकामा खुंटा दिसला, म्हणून त्यांच्या गाईचं नाव कटलं होतं. पाचपर्यंत दुरुस्त व्हिडिओ गेला नाही तर उद्या गाय छावणीबाहेर. घरी वैरणीची काडी नव्हती.

"सकाळीच पाणी पाजून आले तिला," त्या म्हणाल्या. "तुझ्या मशिनीला कावून दिसंना?"

ते सुग्रीवलाच कळेना. पहिल्या दहा जनावरांना आवाज चोख बसायचा, नंतर मागं पडत जायचा. त्यानं आवाज दोन सेकंद अलीकडे ओढला. शेवट सुधारला, सुरुवात बिघडली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, त्याला दोन शिव्या घातल्या. फरक शून्य. शेजारी बसून भिवराबाई पडद्यावर गाय शोधत होत्या, त्यामुळं त्याला आणखीच काही सुधरेना.

शेवटी त्यानं फाइलची माहिती उघडली. मोबाईलनं उन्हात तापून सेकंदाला कधी तीस, कधी चोवीसच फ्रेम, म्हणजे चित्रं, टिपल्या होत्या. इथं मात्र सगळ्या तिसाच्या वेगानं पळत होत्या. चित्र पुढं निघून जाई, आवाज बिचारा मागून येई. कमी पडलेल्या फ्रेम भरून काढून त्यानं व्हिडिओ दर सेकंदाला एकसारख्या तीस फ्रेमचा केला आणि पुन्हा लावला. शहाण्णव म्हणताच कबरी गाय कान हलवत समोर आली. भिवराबाईंनी पडद्यावरून हात फिरवला.

हायसं वाटून त्यानं व्हिडिओ तसाच पुढं चालू दिला. सत्त्याण्णव, आणि खुंटा रिकामा. त्यानं यादी पाहिली. सत्त्याण्णव, आसाराम, बैल एक. आसाराम म्हणजे त्याचा बाप.

आपलंच काहीतरी चुकलं असणार, म्हणून त्यानं पाचदा तपासलं. सगळं बरोबर होतं. परवाच तर बाप फोनवर म्हणाला होता, बैल झकास आहे, रवंथ करत बसलाय. त्यानं फोन लावला. "आबा, बैल कुठाय?" त्यानं विचारलं.

"पाच दिस झाले, मेला," बाप म्हणाला. "सांगितलं असतं तर घरी जा म्हणले असते. हितं रातंदिस माणसं हायत रे. घरी एकटा काय करू?"

 दोन वर्षं सुग्रीव बापाला फोनवर फक्त जनावरांचं विचारत आला होता. भिवराबाई विचारत होत्या, झालं का. आता बापाचं नाव कटणार हे ठाऊक असूनही, झालं म्हणत त्यानं व्हिडिओ पाठवून दिला.

"आबा, पिशवी भरा," तो फोनवर म्हणाला. "मी न्यायला येतोय."

दुकानामागच्या एवढ्याशा खोलीत बापाला झोपवायचं कुठं, ते मात्र त्याला अजिबात कळत नव्हतं.