पुण्यासाठी सोडलेला मासा

मी एक मासा बोलतोय आणि रागातच बोलतोय. गोड बोलणं मला जमत नाही. आमच्या थायलंडात माझ्या जातीचं नावच मुळी ‘चावरा मासा’ आहे, तेव्हा माझ्याकडून साखरपेरणीची अपेक्षा कुणी ठेवू नये. अंगाने मी माणसाच्या करंगळीएवढा, पण राग म्हणाल तर हत्तीला पुरून उरेल. दुसरा नर नजरेला पडला की माझे कल्ले फुलतात, परांचा पंखा होतो आणि निळं अंग पेटल्यासारखं झळकतं. हे सगळं मी मरायच्या आणि मारायच्या तयारीने करतो. आणि माणसं काचेला नाक लावून म्हणतात, किती सुंदर!

मला संताप येतो तो इथेच. तुमच्या घरात एखादा माणूस भांडायला उठला तर तुम्ही त्याच्या केसांचं कौतुक करता का?

माझा जन्म नाखोन पाथोमचा. एका मासेवाल्याच्या अंगणात मातीच्या कुंड्या होत्या, त्यातल्या एकीत. माझ्या बापाने तोंडाने बुडबुडे काढून पाण्यावर घरटं बांधलं होतं. आईचा डोळा अंड्यांवर होता, खाण्यासाठी हं, मायेने नव्हे. म्हणून मासेवाल्याने तिला आधीच उचलून बाजूला केलं. बाप मात्र रात्रंदिवस घरट्याखाली उभा असायचा. आमच्यापैकी कुणी सुटून तळाला जाऊ लागलं की तो झेप घ्यायचा, तोंडात धरायचा आणि परत वर नेऊन ठेवायचा. त्या बापाचा चेहरा मला आठवत नाही. तोंडात धरल्याचं तेवढं आठवतं.

मिसरूड फुटायच्या वयात आम्हा भावांची एकमेकांत चावाचावी सुरू झाली आणि आमची रवानगी दारूच्या चपट्या बाटल्यांत झाली. बाटलीला बाटली लागून ओळीच्या ओळी, आणि प्रत्येक दोन बाटल्यांमध्ये एक पुठ्ठा. पुठ्ठा असेपर्यंत जगात तुम्ही एकटे. मासेवाला सकाळ-संध्याकाळ पुठ्ठे काढायचा, आम्ही एकमेकांवर धावून जायचो, काचेवर तोंडं आपटायचो, आणि आम्हाला व्यायाम झाला म्हणून तो समाधानाने पुठ्ठे परत लावायचा. कुणाची तालीम, कुणाचा आनंद!

तिथे एक दिवस काळ्या कपड्यांतली एक मुलगी आली. तिचं नाव रम्फा. बाजारात तळलेल्या केळ्यांची गाडी लावायची, बोटांना तेलाचा वास. मासेवाल्याने विचारलं, मासा लढवायला हवा की बघायला. ती म्हणाली, “बघायला. लढवायला मुळीच नको.” ‘मुळीच’ हा शब्द तिने इतक्या जोरात उच्चारला की मला वाटलं, ही माझ्याच जातीची.

काळे कपडे आईच्या दुखवट्याचे होते. आईचं नाव फिकुल, म्हणजे आपली बकुळ. तिने लावलेलं बकुळीचं झाडही कालव्याकाठच्या त्या घराच्या दारात होतं. घरात आता रम्फा आणि तिचा बाप बुनलू अशी दोनच माणसं. बुनलू लाकडी बाजेवर बसलेला असायचा आणि बोलायचा नाही. पेज समोर ठेवली तर चार घास खायचा, नाही ठेवली तर मागायचा नाही. हा माणूस एकेकाळी पंचक्रोशीतला मासे लढवणारा म्हणून नावाजलेला. फिकुल ज्या दुपारी अंगणात कोसळली, त्या दुपारीही तो मासे लढवायलाच गेला होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. रम्फा तर त्या दिवसापासून त्याला ‘बाबा’ म्हणेनाशी झाली होती. “जेवण वाढलंय,” एवढंच. कुणाला वाढलंय ते नाही.

अशा घरात तिने मला आणलं. बापाचा जीव रमावा म्हणून की बापाला टोचावं म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

बुनलूने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या लांब झुळझुळीत शेपटाशी त्याची नजर थांबली, आणि किती तरी दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द निघाला. “घागरा घातलाय,” तो म्हणाला आणि पुन्हा गप्प झाला. लढायच्या माशाचं शेपूट आखूड असतं. माझा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता.

मग माझं घर बांधायला घेतलं. माझं घर माझ्यासमोर बांधलं जात होतं आणि मी मिरचीच्या ठेच्याच्या रिकाम्या बरणीत. किती धुतली तरी तिचा ठसका जात नव्हता. रम्फाने काचेच्या टाकीत आधी माती पसरली, वर बारीक वाळू घातली, पाण्यात भिजवलेलं वेडंवाकडं लाकूड आडवं टाकलं. त्या लाकडाला काळपट रुंद पानांची रोपं दोऱ्याने बांधली. मागच्या बाजूला लांब पाणगवत चिमट्याने एकेक काडी करून खोचलं. सगळं छान झालं आणि बाईसाहेबांनी बादलीभर पाणी वरून धाडकन ओतलं. माती उसळली, गवत उपटून तरंगायला लागलं, टाकीचं चिखलाचं डबकं झालं. ती तिथेच खाली बसून रडली. तेवढ्या चिखलासाठी इतकं कुणी रडत नाही, हे बरणीतून मलाही कळलं.

बुनलू उठला. त्याने स्वयंपाकघरातून एक बशी आणली, वाळूवर ठेवली, आणि वाटीने त्या बशीवर हळूहळू पाणी सोडून दाखवलं. पुन्हा जाऊन बाजेवर बसला. रम्फाने डोळे पुसले, सगळं उपसलं आणि पहिल्यापासून केलं.

रोपं रुजेपर्यंत मला बरणीतच ठेवलं. जुनी पानं सडून गळाली, नवी फुटली, आणि मग कुठे मला आत सोडलं. घर चांगलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण पाणी गाळायच्या यंत्राचा झोत असा की माझा तो घागरा मला घेऊन टाकीभर फरफटत फिरे. दुसऱ्या दिवशी रम्फा बाजारात गेल्यावर बुनलूने एक प्लास्टिकची बाटली कापली आणि यंत्राच्या तोंडावर बसवली. झोत मेला. मग त्याने नाक्यावरच्या जंगली बदामाच्या झाडाचं एक वाळकं पान आणून पाण्यात टाकलं. पाणी चहासारखं झालं आणि माझ्या अंगाची आग थांबली.

रम्फाने संध्याकाळी येऊन पान काढलं. तिला काचेसारखं स्वच्छ पाणी हवं होतं. सकाळी पान पुन्हा आत. संध्याकाळी पुन्हा बाहेर. बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते, पण माझ्या पाण्यात त्यांचं कडकडून भांडण चाललं होतं. त्या दोघांच्या मध्येही कुणी तरी पुठ्ठा ठेवला होता. तो काढा आणि एकदाचं भांडा, असं मी काचेवर डोकं आपटून सांगत होतो. पण मासा फुलला की माणसं फक्त खूश होतात.

आणि मग आली लामाय मावशी. फिकुलची थोरली बहीण, पांढरे कपडे, हातात जपमाळ. फिकुलचा शंभरावा दिवस जवळ आला होता. भिक्षूंना जेवण, मग विहाराच्या घाटावरून ता चीन नदीत मासे सोडून ते पुण्य गेलेल्या माणसाला पोचवायचं, ही आमच्याकडची रीत. मावशीने टाकीकडे बोट केलं. म्हणाली, या माणसाने जन्मभर मासे झुंजवून मारले, त्या पापाचा भार माझ्या बहिणीने वाहिला. बाजारातले विकतचे मासे सोडून काय होणार? जीव लावलेला मासा सोडला तर खरं पुण्य.

रम्फा आधी नाही म्हणाली. पण आईसाठी म्हटल्यावर कुठली मुलगी किती वेळ नाही म्हणेल?

सोडणार म्हणे मला! मी पिढ्यान्‌पिढ्या कुंडीत जन्मलेला, पेलाभर पाण्यात वाढलेला, अंगावर हा घागरा. ता चीन नदीची धार म्हणजे माझं मरण. हे त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. मी बुनलूकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. ज्याने मासे मारले त्याने माशाची बाजू कोणत्या तोंडाने घ्यायची, असं त्याला वाटलं असणार. मला त्याचा इतका राग आला की तेवढा समोरच्या नराचाही कधी आला नव्हता. अरे, तुझी लाज तू सांभाळ, तिच्यापायी माझा जीव का?

शंभराव्या दिवशी मी पिशवीत बसून घाटावर गेलो. मंत्र झाले. घाटाखालचं पाणी नुसतं वळवळत होतं. भाविकांच्या पावावर पोसलेले मांडीएवढे मांजरमासे तिथे एकमेकांच्या पाठीवर चढत होते. तिथे मासे धरायला बंदी, ते अभयदानाचं पाणी. त्या मांजरमाशांना मात्र ही बंदी कुणी सांगितलेली नव्हती. रम्फा पिशवीची गाठ सोडेना. मावशीने तिच्या हाताला हात लावला आणि पिशवी उपडी केली.

एका क्षणात धारेने मला उलटं केलं. एक तोंड आलं आणि माझं अर्धं शेपूट घेऊन गेलं. मी वळून त्याच्यावर कल्ले फुलवले. हसा तुम्ही, पण तेवढंच माझ्याजवळ होतं.

तेवढ्यात पाण्यात दोन पाय आले, हाडकुळे, गुडघ्यावर जुना व्रण असलेले. त्यामागून चौकड्याचा पंचा आला, माझ्याखालून गेला आणि मला अलगद वर घेऊन आला. बुनलू कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. मांजरमासे त्याला ढुशा देत होते.

“बुनलू, बाहेर ये,” मावशी वरून ओरडली. “अभयदानाचं पाणी आहे ते. इथे मासा धरत नाहीत.”

“ताई, सोडून झालं ना? पुण्य पोचलं फिकुलला,” तो म्हणाला. इतक्या दिवसांत न वापरलेला आवाज, गंजलेला. “आता हा नदीचा मासा. धरेल त्याचा.”

“जन्मभर मासे मारलेस आणि आज एकाचा पुळका आलाय?”

“मारलेत म्हणूनच कळतं मला. हे सोडणं नव्हे ताई, हे फेकणं आहे. आधीच बोलायला हवं होतं मी.”

मावशीचा तोल गेला. शंभर दिवस घरात जे कुणी बोललं नव्हतं, ते ती साऱ्या घाटासमोर बोलली. “आणि ती पडली तेव्हा कुठे होतास रे?”

बुनलूने मान खाली घातली नाही.

“मासे लढवत होतो,” तो म्हणाला. “तिच्या वेळेला मी पोचलो नाही. याच्या वेळेला पोचलो, एवढंच. पाप लागायचं ते मला लागू दे.”

रम्फा पायऱ्या उतरून आली. काळे कपडे भिजले तरी थांबली नाही. भिक्षूंना भात वाढायचं भांडं तिच्या हातात होतं. ते तिने पाण्यात बुडवून भरलं आणि त्याच्यासमोर धरलं.

“यात टाका आधी, बाबा,” ती म्हणाली. “कापडात त्याचे पर फाटतील.”

बाबा हा शब्द ऐकून तो म्हातारा पाण्यातच रडायला लागला. रडा की, पण आधी मला भांड्यात टाका, असं माझं चाललं होतं. टाकलं एकदाचं.

परतीच्या वाटेवर ती दोघं भांडत आली. आईवरून, माशांवरून, न खाल्लेल्या जेवणावरून, इतक्या दिवसांचं सगळं. मला फार बरं वाटलं.

माझं शेपूट पुरतं आलंच नाही. बुनलू म्हणतो, आता कसा मर्दासारखा दिसतोस. टाकीत बदामाचं पान कायमचं आहे आणि ते कुणी काढत नाही. पाणगवत इतकं माजलंय की रम्फाला ते दर थोड्या दिवसांनी कापावं लागतं. म्हातारा आता दिवसभर बोलतो. मला रागावतो, पेजेला नावं ठेवतो, शेजाऱ्याच्या कोंबड्यांना शिव्या घालतो. सकाळी डासांच्या अळ्या बोटाच्या टोकावर घेऊन पाण्यात धरतो. मी अळी घेतो आणि बोटालाही चावतो. तो बोट मागे घेत नाही.

माझे दिवस आता भरत आले आहेत. निळा रंग विटला, आमच्या जातीला हवेचा श्वास घ्यायला पाण्याच्या वर यावं लागतं, त्यातही आता दम लागतो. समोर आरसा धरला तर मी फुलत नाही; आतला तो म्हातारा मासा मला ओळखीचा आहे. काल लामाय मावशी आली होती. ती येते अधूनमधून, टाकीसमोर बसते, उर्मट मेला म्हणून मला नावं ठेवते आणि तासभर हलत नाही. काल जाता जाता म्हणाली, हा गेला की याच्या नावाने दोन कासवं सोडू या घाटावर.

ऐकलंत? म्हणून हे सगळं सांगतोय. मी गेलो की मला त्या बदामाच्या पानात गुंडाळा आणि दारातल्या बकुळीखाली पुरा. माझ्या नावाने कुणाला पाण्यात सोडू नका. ज्याला सोडता, तो कुठे जाऊन पडतो ते वाकून बघत जा. आणि एवढं सांगूनही मावशी कासवं घेऊन घाटाकडे निघालीच, तर बुनलू, तू पुन्हा पाण्यात उतर.