न उघडलेली खोली

ज्युली आमच्याकडे आली की आधी अंगणातल्या चाफ्याचं कौतुक करते, मग पाणी मागते, मग मुद्द्यावर येते. त्या शनिवारी सकाळी तिने चाफ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागे तिचा मुलगा जॅक्सन गाडीची किल्ली हातात फिरवत उभा होता. मी समजले, काहीतरी बिनसलंय.

माझी भाची ब्रिटनी आणि हा जॅक्सन यांचं लग्न ठरलेलं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं पुकारतात. कुणाला काही हरकत असेल तर त्याने सांगावं म्हणून. दोन रविवार झाले होते आणि तिसरा पुकार दुसऱ्या दिवशीच होता. मांडववाला ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या, माझ्या भावाने, गॉडफ्रेने, घराला रंगही लावून घेतला होता. वहिनी गेल्यानंतर घरातलं हे पहिलंच आनंदाचं कार्य. ब्रिटनीला मीच वाढवलीय, त्यामुळे माझा उत्साह जरा जास्तच होता.

"गॉडफ्रे," ज्युली उभ्यानेच म्हणाली, "तुझी मुलगी मंगळवारी कुठे होती?"

"वॉटर पार्कला. राजोडीच्या. ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर," गॉडफ्रे म्हणाला. तो ओटीवर केळीच्या सुकल्या पानांच्या दोऱ्या सोलत बसला होता.

"मैत्रिणीबरोबर? आणि पार्कच्या हॉटेलात खोली कुणाबरोबर घेतली?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. सकाळी सकाळी दुसऱ्याच्या ओटीवर उभं राहून विचारायचा हा प्रश्न आहे का? पण गॉडफ्रेच्या हातातलं पान तसंच राहिलं आणि तो माझ्याकडे बघायला लागला, जणू खोलीची किल्ली माझ्याच पदरात बांधलेली होती.

ब्रिटनी आतून केस पुसत आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"हो, घेतली होती खोली," ती म्हणाली. "पण आम्ही गेलोच नाही तिथे."

"खोली घेतली आणि गेली नाहीस?"

"आंटी, खोली राहायला नव्हती घेतली. मनगटावरच्या बँडसाठी घेतली होती."

मग तिने समजावून सांगितलं. मे महिन्यात त्या पार्कात मोठ्या घसरगुंडीला जी रांग लागते, तिच्यात उभं राहूनच भिजलेलं अंग वाळतं. पण पार्कच्या हॉटेलात जो खोली घेतो, त्याच्या मनगटाला निळा पट्टा बांधतात. निळ्या पट्टेवाल्यांना दार तासभर आधी उघडतं, रांगेत उभं राहावं लागत नाही, जेवायलाही सावलीतली वेगळी जागा. सगळ्यात साधी खोली घेतली तर ती रांग टाळायच्या महागड्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडते. म्हणून इथली पोरं सर्रास खोली घेतात, पट्टा बांधतात, किल्ली खिशात टाकतात आणि संध्याकाळी परत देऊन घरी झोपायला येतात. खोलीचं तोंडही कुणी पाहत नाही.

ऐकताना मलाच हसू येत होतं. आमच्या लहानपणी जत्रेत पाळण्यात बसायला आम्ही भांडायचो, ही पोरं त्यासाठी अख्खी खोली घेऊन ठेवतात. पण ज्युली हसली नाही.

"तुला काय वाटतं, मी कालची आहे? राजोडीच्या खोल्या लोक कशाला घेतात ते अख्ख्या वसईला माहीत आहे. आणि नावं कुणाची? तुझं आणि त्या उमंगचं. तो तर आपल्यातला पण नाही."

"उमंग अक्षदाचा होणारा नवरा आहे. अक्षदा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. आम्ही तिघं होतो. ती नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यायच्या रांगेत उभी होती, कॉटनवर पाण्यात सोडत नाहीत म्हणून. काउंटरवर आम्ही दोघं होतो, दोघांचं आधार घेतलं. एवढंच."

"काउंटरवर ॲल्रॉय होता," ज्युली म्हणाली.

आता मला उलगडा झाला. ॲल्रॉय म्हणजे आमच्याच गावातला, त्याची आई चर्चच्या गायनवृंदात पहिल्या रांगेत उभी राहते. ॲल्रॉयने आईला सांगितलं असणार आणि तिने गाण्याच्या सरावाला आलेल्यांना. बातमी ज्युलीच्या भुईगावपर्यंत पोचायला तेवढं पुरे. आमच्या या पोरीचं चुकलं ते एवढंच. चोरून काही करायचं असतं तर ती ठाण्याला गेली असती. काही करायचंच नव्हतं, म्हणून आपल्याच चर्चच्या पॅरिशमधल्या मुलाच्या हातात आधार कार्ड देऊन मोकळी झाली.

"अक्षदाला फोन लावून देऊ?" ब्रिटनीने विचारलं.

"मैत्रिणी काय, काहीही सांगतील. मी हॉटेलात जाऊन विचारणार आहे. आत्ताच. उद्या पुकार व्हायच्या आधी मला कळलं पाहिजे."

ब्रिटनीने टॉवेल खांद्यावर टाकला आणि जॅक्सनकडे पाहिलं. "तू पण जाणार?"

जॅक्सन चौथीत मी शिकवायचे त्या वर्गात होता. चांगला मुलगा. फळ्यावर बोलावलं की आधी बाकी मुलं काय म्हणतात ते बघायचा. तो किल्ली फिरवायची थांबला आणि म्हणाला, "मम्मीचं समाधान होईल, ब्रिट. माझं काही नाही."

"जा मग," ती म्हणाली आणि आत गेली.

मीही चपला घातल्या. ज्युलीची जीभ मोकळी सोडली तर ती त्या हॉटेलात काय काय बोलून येईल याचा नेम नव्हता. गॉडफ्रे म्हणाला, "रिटा, तू जा. तू असलीस तर बरं." त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्याचाच राग आला. अरे, बाप आहेस ना तू? पण बोलले नाही.

आम्ही निघालो. आगाशी मागे पडलं, वाड्या संपल्या, सुरूची झाडं दिसायला लागली. मी मागच्या सीटवर बसून स्वतःला सांगत होते की ब्रिटनी खोटं बोलत नाही. लहानपणी बरणीतला लाडू खाल्ला तरी स्वतः येऊन सांगायची. आणि तरी प्रत्येक वळणावर तोच प्रश्न परत येत होता. खोलीत कुणी गेलं असेल तर? कशालाही गेलं असेल, पण गेलं असेल तर? लग्न तर मोडेलच, वर पोरीचं नाव आयुष्यभर गावाच्या तोंडी राहील.

हॉटेलच्या दारात जॅक्सनने गाडी थांबवली. "मी इथेच थांबतो," तो म्हणाला. "तिथे आत जाऊन उभं राहायला मला बरं वाटत नाही."

काउंटरवर ॲल्रॉयच होता. आम्हा दोघींना पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आंटी, मला सांगता येत नाही. पाहुण्यांची माहिती द्यायची नसते."

"आईला सांगताना नव्हती का रे अडचण?" मी म्हणाले. माझा आवाज चढला. पोराचे कान लाल झाले आणि लॉबीतली एक गुजराती बाई तिच्या मुलांना घेऊन लांबच्या सोफ्यावर जाऊन बसली.

"मी फक्त म्हटलं होतं की ब्रिटनीने आणि कुणा उमंगने खोली घेतली," तो पुटपुटला. "मी दुसरं काही नाही म्हटलं. खरंच नाही."

"खोलीत गेले होते की नाही, तेवढंच सांग," ज्युली म्हणाली.

"मला नाही माहीत. मी काउंटरला असतो."

आणि तेवढ्यात चादरींची ढकलगाडी घेऊन यमुना आली. यमुना कळंबची. तिची आई आमच्या दारावर मासळी घेऊन यायची, तेव्हा ही टोपलीला हात लावून सोबत असायची. मला पाहून थांबली. "बाय, तुमी इकडं कशा?"

ज्युलीने मला बोलूच दिलं नाही. तिने मंगळवार सांगितला, नाव सांगितलं, उमंगचं वर्णन केलं, तेही स्वतः न पाहता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण मी तिला थांबवलं नाही. मलाही ऐकायचं होतं.

यमुनाने ॲल्रॉयकडे पाहिलं. तो मान खाली घालून कॉम्प्युटरकडे बघत राहिला.

"चावी परत देताना बघितली ती मी. खालची खोली ना, जिन्याजवलची?" यमुना म्हणाली. "त्या पट्ट्यावाल्यांच्याच खोल्या. गाववाले घेतात. तितं कोनी जात नाय. संध्याकाली मीच माजी चावी लावून उघडली. चादर तशीच, टावेल तसेच, साबनाचा कागद बी फाडला नव्हता. पानीची बाटली बी मीच परत उचलली. काय झालं बाय? काय चोरीला गेलं का?"

"नाही गं," मी म्हणाले. "काही नाही गेलं."

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, पायातलं बळ एकदम परत आलं. ज्युलीने तर कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रुसाची खूण केली आणि माझा दंड घट्ट धरला. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. तिला काहीही वाटलं नव्हतं. पण त्या क्षणी मी तेही सोडून दिलं.

जॅक्सन गाडीला टेकून उभा होता. आम्हाला बघताच पुढे आला. "काय झालं?"

"कुणी गेलंच नव्हतं. साबणाचा कागदसुद्धा फाडला नव्हता!"

"थँक गॉड," तो म्हणाला आणि इतका मोठा श्वास सोडला की मला त्याची दया आली. येताना आगाशीच्या बेकरीत त्याने केक घेतला. गाडीत ज्युली मांडवाच्या फुलांबद्दल बोलायला लागली, कुठल्या रंगाची झालर, वरातीला बँड कुठला. मीही बोलत होते. चाफा आमच्याच वाडीतला वापरू म्हटलं.

घरी पोचलो तेव्हा ब्रिटनी टेबलाशी बसली होती. समोर चहाचा कप, भरलेला, वर साय धरलेली. गॉडफ्रे दारातच उभा होता. मी त्याला मानेने खूण केली, सगळं ठीक आहे. त्याने डोळे मिटून घेतले.

ज्युलीने जाऊन ब्रिटनीची हनुवटी धरली. "बाळा, मनात ठेवू नकोस हं. लोक बोलतात म्हणून विचारावं लागतं. सगळं क्लिअर झालं. खोली कुणी उघडलीच नव्हती, त्या बाईने स्वतः सांगितलं." तिने केकचा खोका उघडून टेबलावर ठेवला.

ब्रिटनीने खोक्याकडे पाहिलं नाही. ती जॅक्सनला म्हणाली, "बस ना."

तो बसला.

"मंगळवारी दुपारी अक्षदाचं डोकं दुखायला लागलं," ती म्हणाली. "ऊन खूप होतं. मी तिला म्हटलं, चल, खोली आहेच आपली, थोडा वेळ पड. किल्ली माझ्याजवळच होती. आम्ही निघालोही होतो. पण हॉटेल पार्कच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिला एवढं चालायचा कंटाळा आला. म्हणून आम्ही झाडाखालीच बसलो."

"बरं मग?" जॅक्सन म्हणाला.

"आम्ही गेलो असतो तर? अक्षदा बेडवर पडली असती, उमंगने तिला गोळी दिली असती, मी तोंड धुतलं असतं. साबणाचा कागद फाटला असता. मग त्या बाईने तुम्हाला काय सांगितलं असतं?"

पंख्याने केकच्या खोक्याचं झाकण हलत होतं. ज्युलीने ते दाबून धरलं.

"मी खरं तेच सांगितलं असतं, आत्ता सांगितलं तसंच," ब्रिटनी म्हणाली. "तू काय केलं असतंस?"

मी त्याच्याकडे बघत होते. बोल रे बाबा, मनातल्या मनात म्हणत होते, एक वाक्य बोल. तुझ्यावर विश्वास ठेवला असता म्हण. खोटं म्हण, पण म्हण. त्याने आईकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"पण तसं झालं नाही ना, ब्रिट," तो म्हणाला. "जे झालंच नाही त्याचा विचार कशाला करायचा?"

ब्रिटनीने मान हलवली, एखाद्याने पत्ता सांगितल्यावर हलवतात तशी.

"डॅडी," ती म्हणाली, "शर्ट घाला. फादरांकडे जाऊन सांगून या. उद्या आमची नावं पुकारू नका म्हणावं."

ज्युली ओरडायला लागली. पत्रिका, पाहुणे, गाव काय म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवरून. गॉडफ्रे दारातून हलेना. जॅक्सन "ब्रिट, ब्रिट" म्हणत उभा राहिला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खरं होतं, मी नाही म्हणणार नाही. मलाच राहवलं नाही. मी ज्युलीच्या अंगावर धावून गेले. "बस कर आता," म्हणाले, "पोरीच्या खोलीतला साबण तपासायला गेलीस आणि वर तोंड करून बोलतेस? आमची पोर काय आहे ते आम्हाला विचार, मला विचार, मी वाढवलंय तिला!"

"आत्या," ब्रिटनी म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती.

"तू गाडीतून उतरलीस तेव्हा हसत होतीस. सकाळी जाताना हसत नव्हतीस."

मला काहीतरी सांगायचं होतं, की मी तुझ्यासाठीच गेले, तुझ्या काळजीने गेले. तेही खरंच होतं. पण यमुनाने साबणाचं सांगितलं तेव्हा माझ्या पायांत बळ आलं होतं, हे मला माहीत होतं आणि आता तिलाही माहीत झालं होतं.

गॉडफ्रेने खुंटीवरचा शर्ट काढला. त्याने बटणं वरखाली लावली, म्हणून ब्रिटनी उठली आणि तिने ती नीट लावून दिली. मी पुढे झाले तर म्हणाली, "राहू दे, आत्या. मी करते."