सतरा शेळ्यांच्या घंटा

दनाईबाई अथेन्सहून आमच्या बेटावर विश्रांतीला आल्या आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "कल्लिरोई, सगळं छान आहे हो. समुद्र, वारा, अंजिरं. फक्त तुमच्या शेळ्यांच्या त्या घंटा! पहाटे पाचला डोक्यात वाजतात. मला डॉक्टरांनी झोप सांगितलीय."

"शेळ्यांना नाही ना सांगितली," मी म्हणाले. पण मनाला लागलंच. आमच्या भाड्याच्या खोलीत उन्हाळ्यातली पहिली पाहुणी, महिनाभर राहणार होती. झाडाखाली खुर्ची टाकून तासन्‌तास पाण्याकडे बघत बसायची. मला तिचा हेवा वाटायचा, रागही यायचा. माझं बूड दोन मिनिटं टेकत नव्हतं. धाकटा भाऊ नेक्तारिओस मालवाहू बोटीवर होता आणि बावीस दिवस त्याचा फोन नव्हता. एरवी दर रविवारी करायचा. भांडी घासताना, चीज गाळताना माझा एक कान फोनकडे असायचा. बाबा काही विचारायचे नाहीत. त्यांना दोन वर्षांपासून दिसत नाही. अंगणात बसायचे, तोंड मात्र फोनच्या दिशेला.

चौथ्या दिवशी दूध काढून झाल्यावर मी सतराही घंटांत जुन्या चादरीच्या चिंध्या कोंबल्या. झोपू दे म्हटलं बाईला. शेळ्या डोंगरावर सोडल्या, आणि बाई उठल्यावर त्यांना पलीकडच्या खाडीत पोहायला घेऊन गेले. डोकं ठिकाणावर असतं तर असलं काही मी केलंच नसतं. आमच्याकडचं शेंबडं पोरही करणार नाही.

परत येताना विहिरीपाशी शेजारची मारुसो म्हातारी आडवी आली. तिनं क्रूसाची खूण केली आणि माझे दोन्ही हात धरले.

"कोण गेलं गं? पहाटे तुमच्या शेळ्या मुक्यानं गेल्या दारावरून. मग तुझा बाप सिदेरिस काळा सदरा घालून, काठी टेकत वर चर्चकडे गेला. विचारायचा धीरच झाला नाही बघ."

घरातलं माणूस गेलं की आम्ही कळपाच्या घंटा बंद करतो. आईच्या वेळी बाबांनीच केल्या होत्या, चाळीस दिवस.

"काय झालं?" दनाईबाईंनी विचारलं.

"तुमची झोप झाली!" मी खेकसले आणि चढावर पळत सुटले.

चर्चमध्ये बाबा मेणबत्तीपुढे ताठ बसले होते. माझी पावलं ओळखून म्हणाले, "कुठे बुडाला?"

"बाबा, कुणी गेलेलं नाही! चिंध्या मी कोंबल्या. पाहुणीला झोप हवी होती म्हणून."

मला वाटलं, आता काठी पाठीत बसणार. बसली असती तर बरंच वाटलं असतं.

"म्हणजे फोन आला?"

"नाही."

"मग तो आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

बावीस दिवस हाच प्रश्न मी कामाखाली गाडून टाकत होते. "कुणी नाही, बाबा," म्हणाले आणि मला रडू फुटलं. त्यांचा हात चाचपडत माझ्या डोक्यावर आला.

"रडतेस काय? तुलाही ठाऊक नाही, मलाही नाही. चल, चिंध्या काढ आधी."

शेळ्या चर्चमागच्या उतारावरच चरत होत्या, पण एक जागेवर थांबेल तर शपथ. दनाईबाई चपला हातात घेऊन धापा टाकत वर आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्या पुढे झाल्या आणि सगळ्यांत द्वाड शेळीची शिंगं दोन्ही हातांनी धरली. "काढा, मी धरते," म्हणाल्या. शेळीनं त्यांना दोनदा आपटलं. त्यांनी सोडलं नाही.

बाबा दगडावर बसून घंटा मोजत होते. प्रत्येक शेळीची घंटा त्यांना वेगळी ओळखू येते. "सोळा," ते म्हणाले. "काळी राहिली." काळी काट्यांत शिरली होती. दनाईबाईंनी तिला ओढून काढलं, पोटऱ्या रक्ताळून घेतल्या.

"सतरा," बाबा म्हणाले आणि काठी टेकून उठले. "चला आता घरी. तिकडे फोनपाशी कुणीच नाही."

मी बाबांचा हात धरला. दनाईबाई केव्हाच अनवाणी उतारावरून धावत सुटल्या होत्या.