रेघ दहा पावलं पुढे

माझ्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी माझा धाकटा भाऊ पळायला लागला. घरात एकदम दोन पाळणे आले आणि सगळ्यांची झोप उडाली, पण पळ काढला तो एकट्यानेच, असं आमची ही म्हणायची. तो तेव्हा पन्नास पुरा झाला होता. बेकरीत भट्टीवर कामाला होता. पहाटे तीनला जायचा, दुपारी यायचा, अंगाला पिठाचा आणि धुराचा वास. लहानपणी सगळ्यांत बुटका म्हणून त्याला छोट्या म्हणायचो. पुढे तो माझ्यापेक्षा वीतभर उंच झाला तरी नाव तेच राहिलं.

पळायचं खूळ त्याच्या डोक्यात कुणी घातलं ते मला ठाऊक नाही. आधी पोट कमी करायचं म्हणून चालायला लागला. चालण्याचं पळणं झालं. मग एक दिवस त्याने पिठाच्या गोणीचा जाड कागद कापून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला. वर तीन ओळी. दहा किलोमीटर, पन्नास मिनिटं. एकवीस किलोमीटर, एक तास बावन्न. बेचाळीस किलोमीटर, चार तासांच्या आत. प्रत्येक ओळीपुढे शर्यतीची तारीख. पहिली दोन महिन्यांवर, शेवटची पाच महिन्यांवर.

मी म्हटलं, "अरे, चार तासांत नाही झालं आणि सव्वाचार लागले, तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"दादा, भट्टीवर मला बाबांनी लावलं. लग्न तुम्ही जमवलंत. घर हिने बघितलं. आजवर जे झालं ते होत गेलं. मी ठरवलं आणि मी केलं, असं एक तरी असू दे की."

तो चार तासांचा आकडा त्याच्या जिवाचा होता, हे मला त्या दिवशी कळलं.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं तेच केलं. छोट्याला पळायला मोजलेला रस्ता हवा होता, म्हणून तो माझ्याकडे आला. रेल्वेच्या मालधक्क्यामागे एक लांबलचक भिंत आहे. तिला दार नाही, खिडकी नाही. शेजारून सरळ रस्ता जातो आणि त्यावर वाहन क्वचितच. या टोकाला पंपघर. तिथून एक किलोमीटर मोजून रेघ मारायची, जाऊन येऊन दोन, अशा पाच फेऱ्या म्हणजे दहा.

मोजायचं माझं साधन होतं. जुन्या सायकलचा पुढचा चिमटा, त्यात चाक, चाकाच्या एका आऱ्याला लाल चिंधी बांधलेली. चाक ढकलत चालायचं आणि चिंधी वर आली की मोजायचं. चारशे पंचावन्न फेरे म्हणजे एक किलोमीटर. हा आकडा मी कामाला लागलो तेव्हा उस्तादाने शिकवला होता आणि तो माझ्या अंगात मुरला होता. धाकटी, म्हणजे छोट्याची बायको, कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणांवर होती. ती म्हणाली, "भाऊजी, टेपने मोजा ना, आमच्याकडे आहे लांब टेप." मी हसलो. "अगं, टेप ओढला की ताणतो. माझं चाक खोटं बोलत नाही."

रेघ मारली. पांढरा रंग, चांगली हातभर लांब. रोज संध्याकाळी पाचला छोट्या पळायचा आणि मी पंपघरापाशी स्टूल टाकून, हातात स्टॉपवॉच घेऊन बसायचो. वेळ वहीत लिहायचो. साठ मिनिटांवरून छप्पन्न, मग त्रेपन्न, आणि शर्यतीच्या आठवडाभर आधी बरोबर पन्नास. त्या दिवशी त्याने माझा हात धरून मला स्टुलावरून उठवलं आणि गोल फिरवलं. माझी कंबर चार दिवस दुखली.

पहिल्या शर्यतीला सगळे गेलो. मुलगी दोन्ही पोरं काखेत घेऊन आली. छोट्या आला तेव्हा वरच्या मोठ्या घड्याळात त्रेपन्न मिनिटं वीस सेकंद होते. तोंड उतरलेलं. धाकटीने पाणी दिलं तर म्हणाला, "नंतर." परतताना बसमध्ये बाहेर बघत बसला. शेवटी म्हणाला, "इथे पन्नास येतं आणि तिथे येत नाही. म्हणजे चार लोकांत माझं अवसान गळतं."

"गर्दी होती रे," मी म्हटलं.

"गर्दी तीन मिनिटं खात नाही, दादा."

चार दिवसांनी एका गिऱ्हाइकाला चाक हवं होतं. माझ्या मोजायच्या चिमट्यातलं काढू म्हणून मी ते हातात घेतलं आणि तिथेच बसलो. ते धाकटं चाक होतं. सव्वीस इंची. रस्ता मोजला त्याच्या आदल्या दिवशी मोठं चाक मी कुणाच्या तरी सायकलला बसवून दिलं होतं आणि चिमट्यात हाताला लागेल ते घातलं होतं. आमच्या उमेदीत सायकली सगळ्या मोठ्याच, तेव्हा चारशे पंचावन्न म्हणजे किलोमीटर हे न बघता खरं होतं. चाक लहान झालं आणि माझा आकडा तोच राहिला. हिशोब केला. किलोमीटरमागे साठेक मीटर कमी. म्हणजे छोट्या दहा पळतच नव्हता, साडेनऊच्या आत पळत होता. पन्नास मिनिटं त्याला कधी आलीच नव्हती.

लगेच उठून सांगायला हवं होतं. बेकरी दुकानापासून हाकेच्या अंतरावर. पण मी उठलो नाही. टेप ताणतो म्हणून मीच शहाणपणा केला होता, आणि ज्या आकड्यावर त्याने मला गोल फिरवलं तो आकडा माझ्या चुकीचा होता. मला वाटलं, न सांगता दुरुस्त करता येईल. रेघ एकदम हलवली तर वेळ एकदम वाढेल आणि त्याला कळेल. थोडी थोडी हलवली तर त्याचा दमही वाढत जाईल, एकातून दुसरं भरून निघेल, आणि शेवटच्या शर्यतीपर्यंत रस्ता खरा झालेला असेल.

दर रविवारी त्याला सुट्टी, सकाळी तो देवाच्या दयेने झोपलेला असायचा. मी डांबराचा डबा आणि पांढरा रंग पिशवीत घालून जायचो. जुनी रेघ काळी करायची, दहा पावलं पुढे नवी मारायची. असे आठ रविवार. भिंत सगळीकडे सारखी, त्यामुळे त्याला काही दिसलं नाही. खाली मान घालून पळणाऱ्याला दहा पावलं काय दिसणार?

दिसलं ते घड्याळात. पन्नासचं एक्कावन्न झालं, बावन्न झालं. मी वेळ सांगायचो आणि वहीत लिहायचो, पण लिहिलेल्याकडे परत बघायचो नाही. खाई त्याला खवखवे. तो पंपघराच्या पायरीवर बसायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"घड्याळ बरोबर आहे ना, दादा?"

"घड्याळ बरोबर आहे."

"मग मीच बिघडलो."

त्याने सराव वाढवला. दुपारी भट्टीवरून आला की न जेवता जिने चढायचा, शेजारच्या इमारतीचे सहा मजले, दहा वेळा. तिथला रखवालदार विचारायचा, "पाववाले, वर काही विसरलात का?" हा हसायचासुद्धा नाही. एकवीसच्या शर्यतीला गेलाच नाही. कागदावरची ती ओळ त्याने आडवी रेघ मारून खोडली. वजन उतरलं, डोळे आत गेले. एकदा पळून आल्यावर डाव्या खांद्याला हात लावून उभा राहिला. मी विचारलं तर म्हणाला, "गोण्या उचलून अवघडलाय."

शेवटच्या शर्यतीला सोळा दिवस राहिले होते. धाकटी कामावरून परस्पर दुकानात आली. बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही रोज बघता त्यांना. काय होतंय?"

"काय होतंय?"

"डॉक्टरकडे गेले होते. मला न सांगता. एवढा सराव करून माणूस हळू कसा होतो, म्हणून विचारायला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, फिरत्या पट्ट्यावर पळवून हृदयाचा आलेख काढू. सोमवारची तारीख दिली. रात्री कूस बदलत बसतात. म्हणतात, माझ्यात काहीतरी संपलं. तुम्ही तरी समजवा."

मला वाटलं, पुरे झालं. माझ्या एका रेघेपायी हा माणूस दवाखान्याच्या दारात उभा आहे. त्याच संध्याकाळी मी त्याला पंपघरापाशी सगळं सांगितलं. चाक, चारशे पंचावन्न, डांबर, आठ रविवार.

तो भिंतीच्या बाजूने चालत गेला, रेघेपर्यंत. येताना डोकं खाली, रस्त्यावरचे काळे पट्टे बघत. आला आणि हसायला लागला. पायरीवर बसून पोट धरून हसला. त्या वर्षातलं माझ्या भावाचं एवढं मोठं हसू मी तेव्हाच ऐकलं.

"दादा, दोन महिन्यांत तू मला म्हातारा करून टाकलंस. आणि मी वर सहा मजल्यांना शिव्या देतोय."

"चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. मी बिघडलो नाही ना? रेघच पळत होती ना पुढे?"

"रेघच," मी म्हणालो.

तो शब्द मी बोललो. त्यात मी काही पाहिलं नव्हतं, मोजलं नव्हतं. त्याचा चेहरा बघून बोललो.

दुसऱ्या दिवशी त्याने दवाखान्यात जाऊन सोमवारची तारीख रद्द केली. बेकरीत सगळ्यांना गोष्ट सांगितली. दुकानापुढून जाणारा जो तो विचारायचा, "काय उस्ताद, आज रस्ता किती लांब?" मी ऐकून घ्यायचो. जिवावरचं दुखणं बोटावर निभावलं असंच वाटत होतं.

रविवारी करायला काही नव्हतं. मी वही काढली, आणि पहिल्यांदा सगळे आकडे एका खाली एक बघितले. रेघ पुऱ्या जागी पोचली तेव्हा वेळ किती वाढायला हवी होती, ते मांडलं. तीन मिनिटं. पन्नासची त्रेपन्न. पहिल्या शर्यतीतही त्रेपन्नच होती, म्हणजे हिशोब बरोबर. पण वहीत शेवटच्या आठवड्याचे आकडे छप्पन्न होते. एक दिवस सत्तावन्न. वाढलेल्या सहातली तीन मिनिटं माझी होती. उरलेली तीन कुणाची?

पुन्हा मांडलं. चार वेळा मांडलं. मग वही घेऊन त्याच्या घरी गेलो. तो चपला-बूट खिडकीत ओळीने वाळत घालत होता. मी वही पुढे केली.

"ही तीन मिनिटं बघ. ही रेघेची नाहीत. तू ती तपासणी करून घे."

त्याने वहीकडे बघितलंही नाही. "दादा, आधी तू मला जास्त मोजलंस. मग कमी मोजलंस. आता पुन्हा काहीतरी मोजून आलास. तुझं चाक पुरे आता."

"या वेळी बरोबर आहे रे."

"त्या वेळीही बरोबरच होतं."

त्यात राग नव्हता. चेष्टाच होती, पण दार बंद झालेलं होतं. मी धाकटीकडे बघितलं. ती म्हणाली, "भाऊजी, आज दोन महिन्यांनी नीट जेवलेत. शर्यत होऊ दे, मग मी स्वतः घेऊन जाते." तिचंही काय चुकलं? माझ्या हिशोबावर कुणी विश्वास ठेवावा असं मी काही ठेवलं नव्हतं. डॉक्टरकडे मी एकटा जाऊन आलो. ते म्हणाले, माणूस आला पाहिजे, वही तपासता येत नाही.

शर्यतीच्या दिवशी मी तिसाव्या किलोमीटरच्या पाटीपाशी उभा होतो. तो आला तेव्हा चालत होता. मला बघून पळायला लागला. मी ओरडून म्हटलं, "चाल, चाल, काही बिघडत नाही." त्याने हात हलवला. चार तास बावीस मिनिटांनी त्याने शर्यत पुरी केली. तोंड पांढरं पडलं होतं, पण उतरलेलं नव्हतं. गळ्यात पदक घालून मुलीच्या दोन्ही पोरांना ते चावायला दिलं. घरी जाऊन गोणीच्या कागदावर शेवटच्या ओळीखाली लिहिलं: पुढच्या वर्षी.

धाकटीने शब्द पाळला. त्याला दवाखान्यात घेऊन गेली. या खेपेला पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. तोवर पळू नका, असं सांगितलं होतं आणि तो पळला नाही. कामावर मात्र जात होता.

शर्यतीनंतर एकोणिसाव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी साडेसहाला माझा धाकटा भाऊ बेकरीत भट्टीसमोर गेला. वय एक्कावन्न वर्षं दोन महिने.