मी ओढलेली रेघ सरळ होणार नाही

मित्रांनो, शाळेच्या ज्या कोपऱ्यात तुम्ही ओले बूट काढता, तिथे भिंतीला टेकून उभा असलेला, समुद्राची खोली मोजणारा जुना खोलीमापक म्हणजे मी. माझ्या पाटीवर 'नादुरुस्त' असे लिहिले आहे. ते साफ खोटे आहे. माझी वायर कापली आहे, एवढेच.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड बंदरात झाला. बोटीच्या तळातून मी पाण्यात आवाज सोडायचो. तो समुद्राच्या तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून माझी सुई कागदावर ठिपका जाळायची. ठिपक्याला ठिपका लागला की तळाची रेघ तयार! डोंगर असेल तर डोंगर, खड्डा असेल तर खड्डा. कुणाची भीड म्हणून मी एक ठिपकाही कधी इकडचा तिकडे केला नाही.

मला इथे, करिंथच्या आखातात आणले ते कालिरोईने. समुद्रतळाचा आकार शोधणे हेच तिचे शास्त्र. कप्तान स्तामातिसच्या बोटीवर तिने मला बसवले. कप्तानाने माझ्यावर कॉफीचा पेला ठेवला की ती कडाडायची, "हे टेबल नाही, कप्तान!"

"बायको मला जपत नाही, एवढं तू या पेटीला जपतेस!" असे म्हणत तो पेला उचलायचा.

त्या वर्षी आपल्या अक्रोनेरी गावात मासेमारीच्या बोटींसाठी नवा धक्का बांधायचे ठरले. नगराध्यक्ष लाबिस यांनी पायाभरणीचा दिवसही जाहीर केला. आम्ही त्या किनाऱ्यासमोरून गेलो, आणि हळूहळू उतरणारी माझी रेघ एकाएकी तुटून खाली कोसळली. सुरीने पावाचा तुकडा कापावा तशी.

कालिरोई कागद घेऊन थेट लाबिस बसायचे त्या कॉफीच्या दुकानात गेली. "इथला तळ पूर्वी एकदा घसरलाय. वरचा गाळ नुसता टेकून उभा आहे. त्याच्यावर दगड रचलेत, तर धक्क्यासकट सगळं खाली जाईल."

लाबिस हसले. "बाई, तुमच्या म्हाताऱ्या पेटीला उचकी लागली असेल! रेघ जरा सरळ करून द्या की."

"रेघ सरळ होणार नाही."

तिच्या संस्थेचे प्रमुखही म्हणाले, "एवढ्याशा जागेसाठी कशाला वाद? गुळगुळीत कर आणि दे."

"मग तळालाही सांगा, सर, गुळगुळीत व्हायला!"

तिने मला पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून नेले. मीही हट्टी. दर वेळी तीच रेघ. शेवटी तिने सगळ्या गावादेखत लाबिसना बोटीवर बोलावले आणि शिशाचे वजन बांधलेली दोरी त्यांच्या हातात दिली. "माझं ऐकू नका, पेटीचंही ऐकू नका. तुमच्या हातांनी मोजा."

त्यांनी कोट काढला, दोरी सोडली. दोन्ही हात पसरले की एक वाव, अशा वीस वावांवर वजन टेकले. "झालं समाधान?" ते किनाऱ्याकडे बघून ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

स्तामातिसने बोट तिच्या लांबीइतकी पुढे घेतली. लाबिसनी पुन्हा दोरी सोडली. वीस वाव गेले. तीस गेले. दोरी सरसरत तळवे सोलू लागली. "अजून? अरे, अजून किती?"

"घट्ट धरा, अध्यक्ष! नाहीतर तुम्हीच जाल खाली मोजायला!" कप्तान ओरडला.

चाळीसच्या पुढे कुठेतरी ती थांबली. लाबिस लाल झालेल्या हातांकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "माझ्या गावाच्या दारात हे आहे?"

धक्का पूर्वेकडच्या खडकावर बांधला गेला. पण तिथवर टोपल्या वाहायच्या म्हणजे लांबची पायपीट. कालिरोई दिसली की मासळीवाल्या बायका टोमणे मारायच्या, "आली बघा धक्का पळवणारी! कुठं घसरला गं तुझा समुद्र?" ती म्हणायची, "तारीख मी सांगितली नव्हती. जागा सांगितली होती." आणि मान ताठ ठेवून पुढे जायची.

मधल्या वर्षांत रंगीत पडद्याची यंत्रे आली. मला कांद्याच्या पोत्यांमागे टाकले. कौतुक करणारे कोणी उरले नाही, पण मी कुढलो नाही. माझ्या रेघा अजून तितक्याच खऱ्या होत्या.

मग एका शरदातल्या भर दुपारी धक्क्यासाठी आधी ठरलेला तो किनारा, दगडगोट्यांसकट आणि झाडांसकट, समुद्रात उतरला. एक लाट उठली, कॉफीच्या दुकानातल्या खुर्च्या घेऊन गेली. बोटी आणि माणसे खडकावरच्या धक्क्याला होती. एकही जीव गेला नाही. संध्याकाळी त्याच बायका कालिरोईच्या दारात सार्डिन मासळीची टोपली घेऊन उभ्या राहिल्या. "आत या," ती म्हणाली, "चूल पेटलेलीच आहे."

पुढे भंगारवाल्याच्या गाडीवरून तिनेच मला उतरवून इथे आणले.

मित्रांनो, मला दया नको. आठवड्यातून एकदा फडके मारा आणि कोणीतरी शहाण्याने माझी वायर जोडावी. माझी रेघ आवडली नाही तर पुन्हा मोजा, दहादा मोजा, माझी हरकत नाही. पण खोडरबर घेऊन माझ्याजवळ येऊ नका.